वाचक विचारतात : जुना दिसणारा टी-शर्ट, घरच्या इस्त्रीवर

टी-शर्ट प्रिंटिंगवर एवढी पत्रं साचलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, ट्रान्सफर पेपर (ज्यावर चित्र छापून ते इस्त्रीने कापडावर उतरवतात तो कागद) आणला, इस्त्री केली, चित्र उमटलं पण हवा तो जुना, मुरलेला लूक काही आला नाही, अंगावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या आजोबांचं सायकलचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीचा एक जुना रंगीत फोटो सापडलाय, थोडा पिवळा पडलेला. दिवाळीत आम्ही अकरा भावंडं जमणार, सगळ्यांना ती पाटी छापलेले टी-शर्ट द्यायचेत, जणू तेव्हाच छापून घेतले होते असे दिसणारे. घरच्या इंकजेटवर प्रिंट काढून पांढऱ्याशुभ्र टी-शर्टवर एक करून बघितला. चित्राभोवती चकचकीत चौकोन दिसतो आणि सगळं नवंकोरं वाटतं. पॉलिश पेपरने घासलं तर जुनं नाही, नुसतं खराब दिसायला लागलं. कुठे चुकलं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जे चुकलं ते इस्त्री हातात घ्यायच्या आधीच चुकलं, म्हणून नंतर घासून काही उपयोग झाला नाही. जुना लूक हा ऐंशी टक्के कापडाच्या रंगात आणि डिझाइनमध्ये असतो, घासणं हे जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं, असलं तर बरं.

आधी हे बघा की जुने टी-शर्ट तसे का दिसतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत टी-शर्टची छोटी दुकानं होती, भिंतीवर ट्रान्सफर लावलेले असायचे, तुम्ही एक निवडायचा आणि दुकानदार समोरच प्रेसमध्ये घालून छापून द्यायचा. आज आपण ज्याला व्हिंटेज लूक म्हणतो त्यातला बराचसा तिथून आलाय. त्यातली शाई म्हणजे प्लास्टिसॉल, पीव्हीसीची, ती कापडात मुरत नाही, वर बसते, आणि नीट शिजली नसेल किंवा वर्षानुवर्षं धुतली की तिला बारीक तडे जातात. शिवाय ही शाई स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीच्या चौकटीतून, छापतात आणि त्यात प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते म्हणून रंग मोजकेच, दोन, तीन, फार तर चार. म्हणजे तीन गोष्टी झाल्या, विटलेलं कापड, कमी रंग, आणि तडे. आपल्याला या तिन्ही आणायच्यात, पण याच क्रमाने.

कापडापासून सुरू करा. पांढराशुभ्र टी-शर्ट घेऊच नका. लाइट ट्रान्सफर पेपर, म्हणजे फिक्या कपड्यांसाठीचा जो असतो, त्यावर इंकजेटची शाई पारदर्शक उतरते, पांढरा रंग प्रिंटरमध्ये नसतोच, चित्रातला पांढरा म्हणजे कापडाचा रंग. तेव्हा कापड सायीच्या रंगाचं, फिकट मोहरी किंवा फिकट राखाडी घेतलंत तर चित्रातले सगळे रंग आपोआप थोडे मळके, उन्हात ठेवल्यासारखे होतात, एका पैशाचं एडिटिंग न करता. १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) कॉटन टी-शर्ट घ्या, बायो-वॉश केलेला असेल तर अजून चांगला कारण त्यात एन्झाइम लावून वरचे सुटे तंतू काढलेले असतात, ट्रान्सफर सपाट बसतो. तिरुपूरचा माल सगळीकडे मिळतो. आणल्यावर एकदा धुवा, पण शेवटच्या पाण्यात ते सुवासिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर राहतो आणि चिकटायला अडचण येते.

मग डिझाइन. फोटो जसाच्या तसा छापला की तो फोटोच दिसणार. तुमच्याकडे पाटी आहे हे तर फार छान आहे, कारण ती पेंटरने हाताने रंगवलेली, तिच्यातच दोन-तीन रंग असणार. फोनवरच्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये पाटीभोवतीचा रस्ता, शटर, उभी माणसं काढून टाका, फक्त अक्षरं आणि सायकलचं चित्र ठेवा. गडद काळा असेल त्याचा कोळशासारखा करा किंवा गडद तपकिरी, लाल असेल तर विटकरीकडे न्या. आता तडे. अंगणातली सिमेंटची फरशी किंवा पोपडे धरलेली भिंत, तिचा फोटो काढा, तो इतका कॉन्ट्रास्ट करा की फक्त काळं आणि पांढरं उरेल, आणि हा फोटो डिझाइनवर खोडरबरासारखा वापरा, म्हणजे जिथे काळं तिथलं चित्र पुसलं जाईल. थोडंच पुसा. जुना टी-शर्ट निरखून बघितलात तर कळेल की प्रिंट सगळीकडे सारखं झिजत नाही, पोटावर जिथे बसताना घडी पडते तिथे आडवं जास्त झिजतं, आणि अक्षरांच्या कडा बऱ्याच टिकून राहतात. तुमचं घासलेलं खराब का दिसलं ते इथे आहे, तुम्ही बहुतेक चारी कोपरे घासलेत.

चौकोनाचं कारण वेगळं. ट्रान्सफर पेपरवर शाई नसलेल्या जागीसुद्धा एक पातळ पारदर्शक थर असतो आणि तोही कापडावर उतरतो. म्हणून छापल्यावर कात्रीने चित्राच्या कडेकडेने, तीन-चार मिलिमीटर सोडून कापायचं, कोपरे गोल ठेवायचे, टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. कागद लाइट असेल तर प्रिंट मिरर करून, म्हणजे आरशात दिसतं तसं उलटं, काढायचं, पाटीवर अक्षरं आहेत म्हणून हे दोनदा तपासा. डार्क कागद, म्हणजे गडद कपड्यांसाठीचा, असेल तर मिरर नाही.

प्रिंट काढल्यावर अर्धा तास वाळू द्या, इस्त्री करा (कशी ते पुढच्या उत्तरात), आणि कागद काढल्यावर थांबू नका. चित्रावर जुन्या बनियनचा एक सपाट तुकडा ठेवा आणि त्यावरून दहा सेकंद पुन्हा दाबा. त्या कापडाची वीण थरावर उमटते आणि चकाकी जाते, एवढ्या एका गोष्टीने निम्मा स्टिकरपणा निघून जातो, मी हे प्रत्येक शर्टला करते. मग पूर्ण गार होऊ द्या, आणि गार झाल्यावरच दोन्ही हातांनी कापड तिरकं ताणा, एकदा इकडून एकदा तिकडून. गरम असताना ताणलं तर थर कापडाबरोबर लांबतो, गार झाल्यावर ताणलं तर तडकतो, आणि हे तडे खरे असतात, छापलेले नाहीत. एवढं करून अजून हवं असेल तर आत पुठ्ठा घालून ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने, एकाच दिशेने, पोटाच्या घडीवर. अकराच्या अकरा करायच्या आधी एक जुन्या उशीच्या अभ्र्यावर करून बघा.

प्रश्न : कागद नीट दाबूनही कडा सुटतात, कधी मधलाच भाग उतरत नाही. पावसाळ्यात तर फारच. आमच्याकडे वाफेची इस्त्री आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चिपळूणचा पावसाळा म्हणजे कपाटातला कपडासुद्धा ओलसर असतो, आणि ओलावा हा या कामातला पहिला शत्रू. कागद ठेवायच्या आधी नुसत्या टी-शर्टवर पाच-दहा सेकंद इस्त्री दाबा, ओल निघून जाईल. कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका, डब्यात झाकून ठेवा.

वाफेच्या इस्त्रीत पाणी अजिबात घालायचं नाही, टाकी रिकामी करून दोन मिनिटं तापवा म्हणजे आतलं उरलेलं निघून जातं. तिच्या तळाला भोकं असतात, भोकाखाली दाब पडत नाही, म्हणून तुमचा मधला भाग राहतो. घरात जुनी सपाट तळाची, जड इस्त्री असेल तर ती काढा, या कामाला ती जास्त चांगली. आणि इस्त्रीच्या गादीच्या टेबलावर करू नका, ते मऊ असतं, दाब गिळून टाकतं. ओट्यावर किंवा जमिनीवर लाकडी पाट ठेवा, त्यावर एकच घडी चादर, त्यावर टी-शर्ट, आणि स्वतःचं वजन टाकता येईल असं वरून दाबा. आपण कपड्यांना करतो तशी इस्त्री सरकवायची नाही, कागद हलला की चित्र डबल येतं. ठेवायची, दाबायची, पंधरा-वीस सेकंद मोजायचे, उचलायची, पुढे ठेवायची, आधीच्या जागेवर थोडी चढवून. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि इस्त्रीचा तळ त्याच्या निम्म्याहून लहान, म्हणून सहा-सात वेळा तरी जागा बदलावी लागते. कडांवर शेवटी टोकाने एक फेरा जास्त. बटण कॉटनवर. इस्त्रीचं तापमान सतत वरखाली होत असतं, दिवा विझल्या विझल्या ती सगळ्यात गरम असते, तेव्हा सुरुवात करा.

कागद गरम असताना ओढायचा की गार झाल्यावर हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं, तिथे अंदाज चालत नाही. अजून एक, इंकजेटचा ट्रान्सफर पेपर झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर मशिनमध्ये कधीही घालायला देऊ नका, त्या मशिनच्या आत तापलेला रोलर असतो, कागदावरचा थर तिथेच वितळून रोलरला गुंडाळला जातो आणि दुसऱ्याचं महागाचं मशिन बंद पडतं. लेझरचा कागद वेगळा मिळतो.

प्रश्न : काळ्या टी-शर्टवर केलं तर काहीच दिसत नाही, इस्त्री कमी पडली का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इस्त्री बरोबर आहे, कागद चुकलाय. लाइट पेपरची शाई काळ्यावर दिसणारच नाही. डार्क पेपर घ्या, त्याला मागे पांढरा थर असतो, मिरर न करता छापायचा, कापायचा, मागचा कागद सोलायचा, चित्र वर ठेवून बटर पेपर झाकून दाबायचा. पण खरं सांगू का, तो थर जाड असतो आणि जुना लूक त्यात कमी येतो. काळाच हवा असेल तर एकरंगी डिझाइन करा आणि ऑफ-व्हाइट हीट ट्रान्सफर व्हिनाइल (उष्णतेने कापडावर चिकटणारी प्लास्टिकची पातळ शीट) कापून लावा, १५० ते १६० अंश सेल्सिअस, दहा-पंधरा सेकंद. व्हिनाइलला पॉलिश पेपरही छान लागतो.

प्रश्न : हॉस्टेलजवळच्या मगवर फोटो छापणाऱ्या दुकानातून कॉटनच्या टी-शर्टवर आमच्या ग्रुपचा फोटो छापून घेतला. दोन धुण्यात जवळजवळ गेला. दुकानदाराने फसवलं का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मगवर छापतात ते सब्लिमेशन. त्यातली शाई १९० ते २०० अंशाला वायू होते आणि पॉलिस्टरच्या धाग्याच्या आत शिरून बसते. कॉटनमध्ये तिला शिरायला जागाच नाही, ती वर नुसती टेकते आणि पाण्याबरोबर जाते. दुकानदाराने कापड विचारायला हवं होतं एवढं मात्र खरं.

पण तुझ्या या नुकसानीतच व्हिंटेज लूकचा माझा सगळ्यात आवडता उपाय दडलाय. पुढच्या वेळी पूर्ण कॉटन नको आणि पूर्ण पॉलिस्टरही नको, मिक्स घे, आतल्या लेबलवर ६५ टक्के पॉलिस्टर ३५ टक्के कॉटन किंवा निम्मं-निम्मं लिहिलेलं असतं. छापल्यावर झगझगीत दिसेल, मग धू. कॉटनच्या धाग्यांवरची शाई निघून जाते, पॉलिस्टरमधली राहते, आणि चित्र धाग्या-धाग्यातून विरल्यासारखं दिसतं. हाताला काहीच लागत नाही, थर नाही, चकाकी नाही, तडकायला काही नाही, आणि जे उरलं ते नंतर फारसं फिकं होत नाही. वीस वर्षं वापरलेल्या टी-शर्टच्या इतकं जवळ दुसरं काही जात नाही, म्हणून कॉटनचा हट्ट असणाऱ्यांनाही मी हे एकदा करून बघायला सांगते. कापड मात्र फिकंच हवं, पांढरं, फिकट राखाडी, फिकट निळं, कारण इथेही पांढरी शाई नाही. आणि हे घरच्या इस्त्रीवर जमवायला जाऊ नकोस, सगळीकडे सारखी उष्णता पंचेचाळीस सेकंद ते मिनिटभर टिकावी लागते आणि शाईही वेगळी असते. दुकानात सपाट प्रेस असतो, आपलं डिझाइन आणि आपला टी-शर्ट घेऊन जायचं.

प्रश्न : नवा टी-शर्ट घरी विटवायचा कसा? मुलगा ब्लीच वापरू म्हणतोय, मला भीती वाटते.
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुमची भीती योग्य आहे. त्याआधी सौम्य उपाय सांगते, चहा. फिकट कॉटन टी-शर्ट असेल तर अडीच-तीन लिटर पाण्यात आठ-दहा चमचे चहापत्ती उकळा, दूध-साखर अर्थातच नाही, गाळून घ्या, नाहीतर पत्ती चिकटून ठिपके पडतात, आणि आधी साध्या पाण्यात भिजवून पिळलेला टी-शर्ट त्यात अर्धा तास ठेवा, मधेमधे हलवत राहा. तुरटीच्या पाण्यातून काढला की रंग जरा धरून राहतो. सुकल्यावर भिजताना होता त्यापेक्षा फिकट दिसतो हे लक्षात ठेवा. जुन्या कागदासारखा जो पिवळसर तपकिरी रंग येतो त्यावर लाइट ट्रान्सफर फार सुंदर दिसतो. पॉलिस्टर चहा धरत नाही. आणि हे सगळं प्रिंटच्या आधी करायचं, नंतर नाही.

गडद टी-शर्ट फिका करायचा तर ब्लीचला खरंच दुसरा घरगुती पर्याय नाही, पण ते तुम्ही स्वतः उभं राहून करा. खिडकी उघडी, हातमोजे, प्लास्टिकची बादली, एक भाग ब्लीच आणि दहा भाग गार पाणी. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा, कारण काळा कॉटन बऱ्याचदा राखाडी न होता तांबूस-केशरी होतो, आणि तो रंग मुलाला चालणार आहे का हे आधी विचारा. हवा त्याच्या जरा अलीकडेच बाहेर काढा, पाच-दहा मिनिटांच्या वर नको, धुताना अजून थोडा उतरतो. भरपूर पाण्यात धुवून मग मेडिकलमधलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दहापट पाण्यात घालून त्यात पाच-दहा मिनिटं बुडवा, म्हणजे ब्लीचचं काम थांबतं, नाहीतर ते कापड खात राहतं. व्हिनेगर घालून थांबवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड गेलं की क्लोरीन वायू सुटतो, बाथरूमसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. हे मुलालाही वाचून दाखवा.

प्रश्न : इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी जुन्या लेझीम पथकाच्या स्टाइलचे चाळीस टी-शर्ट करायचेत. इथे सगळे ड्रायरमध्ये सुकवतात, टिकतील का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चाळीस टी-शर्ट इस्त्रीवर करू नका, हात भरून येतील आणि शेवटचे दहा नीट होणार नाहीत. डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट-टू-फिल्म, छापून मागवा. त्यात फिल्मवर रंग, त्यामागे पांढरी शाई आणि गोंदाची पावडर असते, कॉटन, पॉलिस्टर, गडद, फिकं, सगळ्यावर बसतं. साधारण १५० ते १६० अंश, दहा-पंधरा सेकंद, बहुतेक फिल्म गार झाल्यावर सोलायच्या, मग वर कापडाचा तुकडा ठेवून पुन्हा एकदा दाबायचं. एखाद्या मित्राकडे छोटा हीट प्रेस असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. डिझाइनमध्ये भरपूर छिद्रं, झीज ठेवा, डीटीएफचा मोठा सलग पट्टा छातीवर रबरासारखा वाटतो आणि घामही येतो, तुटक डिझाइन श्वास घेतं.

ड्रायरची उष्णता कुठल्याही ट्रान्सफरला तडे आणते. चोवीस तास जाऊ दे, मग उलटा करून गार पाण्यात धुवा आणि दोरीवर सावलीत, हे सगळ्यांना चिठ्ठीवर लिहून द्या. तरी पहिल्या शर्टला मुद्दाम दोनदा ड्रायर दाखवा, जे तडे येतील ते कदाचित मंडळींना आवडतीलच.

प्रश्न : जुन्या सिनेमाच्या पोस्टरचे टी-शर्ट करून कॉलेज फेस्टमध्ये विकले तर चालेल का? सगळेच करतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : स्वतःला एक करून घालणं वेगळं, विकणं वेगळं. आपल्याकडे चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकातली पोस्टर्स मोकळी नाहीत. लोगोचा तर ट्रेडमार्क दर १० वर्षांनी वाढवत नेता येतो, त्याला शेवटच नाही. विकायचंच असेल तर मोकळा खजिना खूप आहे. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झालीत, आणि त्यांच्या छापखान्याच्या, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला होता, त्या लिथोग्राफचे, म्हणजे दगडी छापाच्या चित्रांचे, मुरलेले रंग म्हणजे तयार व्हिंटेज आहे. देवांची चित्रं मात्र मी टी-शर्टवर घेत नाही, ती पुढे धुण्यात आपटली जातात ते मनाला पटत नाही. माणसांची, स्त्रियांची चित्रं घे.

प्रश्न : ताई, माझा प्रश्न उलटा आहे. बाबांचा कबड्डी संघाचा टी-शर्ट आहे, जुना, खराखुरा. आता त्यावरच्या छपाईचे पोपडे सुटतायत. बाबा नाहीत. वाचवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाचवता येईल, पण आहे तेवढाच. गेलेला भाग परत येत नाही आणि त्यावर नवा रंग भरू नका. बोटाला जाड, रबरी लागत असेल तर ती प्लास्टिसॉलच असणार, ती उष्णतेने पुन्हा मऊ होते. बटर पेपर झाकून, मध्यम तापलेली इस्त्री, न सरकवता आठ-दहा सेकंद दाबा, बटर पेपर गार झाल्यावरच हळू सोला. आधी कडेच्या एका अक्षरावर करून बघा, उघडी इस्त्री चुकूनही लावू नका. सुटलेले पोपडे बसतील. यापुढे तो मशिनमध्ये घालायचा नाही, हाताने, उलटा करून, आणि ठेवताना छपाईवर घडी न पाडता मऊ सुती कापडात गुंडाळून.

पण हे सगळं करायच्या आधी, आजच, तो खिडकीपाशी सपाट पसरून दिवसाच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढून ठेवा, मोठ्यात मोठ्या साइजमध्ये. वर डोंबिवलीच्या वाचकांना मी फरशीचा फोटो काढून तडे बनवायला सांगितलं, तुमच्याकडे ते तयार आहेत, बाबांच्या छातीवर, पोटावर पडलेले. त्या फोटोतून डिझाइन बनवा, तडे अजिबात भरू नका, आणि मिक्स कापडाच्या टी-शर्टवर सब्लिमेशन करून घ्या. तो घालायला, आणि मूळचा कपाटात.